शस्त्रक्रियेनंतरचा प्रश्न : केमोथेरपी घ्यावी की नाही?

स्तनातील गाठ वेळीच लक्षात आली, शस्त्रक्रिया निर्विघ्नपणे पार पडली, टाके निघाले. आता संकट टळले, असे घरातील सर्वांना वाटू लागते. नेमक्या त्याच सुमारास काढलेल्या गाठीच्या तपासणीचा अहवाल हाती येतो आणि डॉक्टर सांगतात, "केमोथेरपीचा विचार करावा लागेल." गाठ तर गेली, मग हे औषध कशासाठी? ते न घेतल्यास काय होईल? आणि घेतल्यास शरीराला ते सोसेल काय? हे प्रश्न स्वाभाविक आहेत. त्यांची उत्तरे मात्र प्रत्येक स्त्रीसाठी वेगळी असतात. ती कशी शोधावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उल्हासनगर कॅम्प २ चे उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करासाठी छावणी उभारण्यात आली. फाळणीनंतर तिच्या बरॅकींत सिंधी निर्वासितांची कुटुंबे राहावयास आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. आज अनेक बरॅकींच्या जागी इमारती आल्या असल्या, तरी पत्ता सांगताना बरॅकीचा क्रमांक अजूनही सांगितला जातो. दारे एकमेकांना लागून आहेत. त्यामुळे एका घरातील सुखदुःख दुसऱ्या घरी तत्काळ पोहोचते. आजारपणात या शेजाराचा मोठा आधार होतो. परंतु या एका बाबतीत तोच शेजार दिशाभूल करू शकतो. "पलीकडच्या काकूंनी केमो घेतली नाही, त्यांना काही झाले नाही", किंवा "तिला केमोने फार त्रास झाला, तू घेऊ नकोस", असे सल्ले प्रेमापोटी दिले जातात. ते देणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक नसते. ती ही की, दोन स्त्रियांचा स्तनाचा कर्करोग नावाने एकच असला, तरी स्वभावाने अगदी भिन्न असू शकतो.

अशा एकाच रांगेत राहणाऱ्या तीन भगिनी कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. पहिली ५८ वर्षांची, घरी पापड लाटून विकणारी. दुसरी ३८ वर्षांची, शिलाईकाम करणारी, दोन लहान मुलांची आई. तिसरी ४४ वर्षांची, शाळेत शिक्षिका. तिघींचीही गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान होती आणि तिघींवरही शस्त्रक्रिया झाली आहे. तिघींना एकच सल्ला मिळेल काय? याचे उत्तर पुढे येईल. तत्पूर्वी हे औषध मुळात का दिले जाते, ते पाहू.

न दिसणाऱ्या शत्रूसाठी औषध

शस्त्रक्रियेने दिसणारी गाठ काढली जाते. परंतु गाठ वाढत असताना तिच्यातील काही पेशी रक्तावाटे अथवा लसिकावाहिन्यांवाटे हाडे, फुप्फुसे, यकृत अशा दूरच्या अवयवांत जाऊन बसलेल्या असू शकतात. त्या इतक्या सूक्ष्म असतात की, कोणत्याही तपासणीत दिसत नाहीत. अनेक स्त्रियांच्या शरीरात अशा पेशी नसतातही. ज्यांच्या शरीरात त्या असतात, त्यांचा रोग काही वर्षांनी दूरच्या अवयवात पुन्हा डोके वर काढू शकतो. शस्त्रक्रियेनंतरची केमोथेरपी, म्हणजेच पूरक रसायनोपचार, या संभाव्य पेशींचा नाश करण्यासाठी असतो. म्हणूनच "केमो सांगितली म्हणजे रोग शेवटच्या टप्प्यात गेला", हा समज चुकीचा आहे. रोग पूर्ण बरा होण्याची शक्यता आहे म्हणूनच हे औषध सुचविले जाते.

या उपचाराचा इतिहासही उद्बोधक आहे. ज्या महायुद्धासाठी कल्याणची छावणी उभी राहिली, त्याच युद्धकाळात विषारी वायूंवर संशोधन सुरू होते. मस्टर्ड वायूच्या जातीची रसायने वेगाने वाढणाऱ्या रक्तपेशींचा नाश करतात, असे आढळून आले आणि १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात त्या जातीचे औषध प्रथमच एका कर्करुग्णास देण्यात आले. स्तनाच्या कर्करोगात आजही दिले जाणारे सायक्लोफॉस्फामाइड हे त्याच कुळातील औषध होय.

पुढे १९७६ मध्ये इटलीतील मिलान येथील डॉ. जियानी बोनादोना व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. काखेतील गाठींत रोग पोहोचलेल्या स्त्रियांपैकी १७९ जणींवर केवळ शस्त्रक्रिया करण्यात आली होती, तर २०७ जणींना शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांचा एकत्रित रसायनोपचार देण्यात आला. २७ महिन्यांनंतर पाहता केवळ शस्त्रक्रिया झालेल्या गटात २४ टक्के स्त्रियांचा रोग उलटला होता. औषध घेतलेल्या गटात हे प्रमाण ५.३ टक्के होते. अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांनीही याच सुमारास पूरक रसायनोपचाराचा लाभ दाखवून दिला. तेव्हापासून जगभर हा उपचार रूढ झाला आणि त्याने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचविले.

परंतु त्यानंतरची काही दशके ज्यांना त्याची गरज नव्हती, अशाही अनेक स्त्रियांना तो मिळत राहिला. कोणाला द्यावा आणि कोणाला देऊ नये, हे ओळखण्याचे साधन हाती नव्हते. आता ते बऱ्याच अंशी हाती आले आहे.

अहवालात काय पाहावे?

निर्णयाची गुरुकिल्ली काढलेल्या गाठीच्या अहवालात असते. हा अहवाल इंग्रजीत असला, तरी त्यातील पाच गोष्टी डॉक्टरांकडून समजावून घेणे कोणासही शक्य आहे.

पहिली गोष्ट, गाठीचा आकार किती सेंटिमीटर होता. दुसरी, काखेतील किती गाठी तपासल्या आणि त्यांपैकी किती गाठींत रोग आढळला. तिसरी, गाठीची प्रत किंवा 'ग्रेड' : ही १ ते ३ अशी मोजतात. १ म्हणजे संथ स्वभावाच्या पेशी, तर ३ म्हणजे आक्रमक पेशी. ग्रेड आणि रोगाचा टप्पा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवावे. ग्रेड ३ याचा अर्थ तिसरा टप्पा असा नव्हे. चौथी, पेशींवर 'ईआर' व 'पीआर' ही संप्रेरकग्राही द्रव्ये आहेत काय. ती असल्यास गाठ स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांवर पोसली जाते व ते पोषण गोळ्यांनी तोडता येते. पाचवी, 'हर-२' हे द्रव्य वाढलेले आहे काय. या चाचणीचा निकाल '२+' असा संदिग्ध आल्यास 'फिश' नावाची आणखी एक चाचणी करावी लागते. ती झाल्याशिवाय उपचाराचा निर्णय पक्का करू नये.

तीन भगिनी, तीन उत्तरे

आता आपल्या तीन भगिनींकडे वळू.

५८ वर्षांच्या पहिल्या भगिनीची गाठ १.५ सेंटिमीटर, ग्रेड १, काखेत रोग नाही, ईआर व पीआर होकारार्थी, हर-२ नकारार्थी. अशा स्त्रीस केमोथेरपीपासून फारसा लाभ होत नाही. संप्रेरकविरोधी गोळी रोज नियमाने घेणे हाच तिचा मुख्य उपचार होय. शेजारच्या दोघींना केमो दिली आणि हिला दिली नाही, म्हणून डॉक्टरांनी हयगय केली असे समजण्याचे कारण नाही.

३८ वर्षांच्या दुसऱ्या भगिनीची गाठ १.८ सेंटिमीटर, ग्रेड ३, काखेत रोग नाही. परंतु ईआर, पीआर व हर-२ या तिन्ही चाचण्या नकारार्थी. यास 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात. या प्रकारात संप्रेरकविरोधी गोळ्या निरुपयोगी ठरतात आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही वर्षे रोग उलटण्याचा धोका अधिक असतो. येथे केमोथेरपी हेच प्रमुख शस्त्र आहे. "गाठ लहान होती, काखेत काही नव्हते" या समाधानावर ती टाळणे धोक्याचे ठरेल. भारतात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात आढळतो आणि या प्रकाराचे प्रमाणही आपल्याकडे अधिक आहे. म्हणून ही बाब विशेष ध्यानात घ्यावयास हवी.

हर-२ होकारार्थी असते, तर उत्तर निराळे असते. तेव्हा बहुधा केमोथेरपीबरोबर ट्रास्टुझुमॅब हे लक्ष्यवेधी औषध देतात आणि ते एकूण एक वर्ष चालू ठेवतात.

खरा पेच आहे तो तिसऱ्या भगिनीपुढे. वय ४४, पाळी चालू, गाठ १.९ सेंटिमीटर, ग्रेड २, ईआर होकारार्थी, हर-२ नकारार्थी. परंतु काखेतील एका गाठीत रोग सापडलेला. अशा स्त्रियांसाठी गाठीतील जनुकांच्या तपासणीचा आधार घेता येतो. २१ जनुके तपासून ० ते १०० पर्यंत गुण देणाऱ्या एका चाचणीवर 'टेलरएक्स' हा मोठा अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काखेत रोग नसलेल्या व ११ ते २५ गुण मिळालेल्या ६,७११ स्त्रियांचा त्यात विचार झाला. नऊ वर्षांनंतर केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी ९३.९ टक्के आणि केमोथेरपीसह गोळ्या घेणाऱ्यांपैकी ९३.८ टक्के स्त्रिया हयात होत्या. म्हणजे या गटातील बहुतेकींना केमोथेरपीने काहीच अधिक दिले नाही. पन्नाशीच्या आतील व १६ ते २५ गुण असलेल्या स्त्रियांना मात्र काही प्रमाणात लाभ दिसून आला.

काखेतील एक ते तीन गाठींत रोग असलेल्या स्त्रियांवरील 'आरएक्सपॉन्डर' या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. गुण २५ पर्यंत असताना पाळी बंद झालेल्या स्त्रियांना केमोथेरपीचा लाभ आढळला नाही. पाळी चालू असलेल्यांत मात्र पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ८९ टक्क्यांवरून ९३.९ टक्क्यांवर गेले. या लाभाचा काही भाग केमोथेरपीमुळे बीजकोशांचे कार्य थांबल्याने मिळत असावा, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. म्हणून आपल्या शिक्षिका भगिनीने केमोथेरपीबद्दल तर विचारावेच. शिवाय बीजकोशांचे कार्य इंजेक्शनने थांबविण्याचा उपचार आपणास योग्य आहे काय, हेही विचारावे.

जनुकीय चाचण्या महाग आहेत. बेंगळुरू येथे विकसित झालेली 'कॅनअसिस्ट ब्रेस्ट' ही भारतीय चाचणीही उपलब्ध आहे. परंतु चाचणी परवडली नाही, म्हणून निर्णय अडून राहतो असे नाही. वय, आकार, ग्रेड, काखेतील गाठी आणि पेशींच्या वाढीचा वेग दाखविणारी 'केआय-६७' ही चाचणी, यांवरून अनुभवी डॉक्टर पुष्कळसा अचूक अंदाज देऊ शकतात.

शंभर स्त्रियांचा हिशेब

"केमोने धोका एक तृतीयांशाने कमी होतो", असे वाक्य कानी पडते. ते ऐकताच पुढचा प्रश्न विचारावा, "एक तृतीयांश, पण कशाचा?" समजा, एका गटातील १०० स्त्रियांपैकी ३० जणींचा रोग उलटण्याचा संभव आहे. औषधाने तो एक तृतीयांशाने घटला, तर २० जणींचा उलटेल. म्हणजे १० जणी वाचल्या. दुसऱ्या गटात मुळात ६ जणींनाच धोका असेल, तर तो ४ वर येईल. म्हणजे २ जणी वाचल्या. औषध तेच आणि प्रमाणही तेच, परंतु पहिल्या गटात १० जणींचा लाभ आणि दुसऱ्या गटात दोघींचा. उरलेल्या ९८ जणींनी त्रास सोसला; त्यांतील ९४ जणी औषधाविनाही बऱ्या राहिल्या असत्या आणि ४ जणींना औषध घेऊनही उपयोग झाला नाही.

दोन टक्क्यांचा लाभ घ्यावा की सोडावा, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. लहान मुलांची आई एका टक्क्यासाठीही औषध घेईन म्हणेल. हृदयविकार असलेली ७२ वर्षांची आजी नको म्हणेल. दोघींचेही बरोबर असू शकते. मात्र आकडा समजून घेऊन 'नको' म्हणणे आणि भीतीपोटी 'नको' म्हणणे, यांत फार मोठे अंतर आहे.

औषधाचा भार

केमोथेरपीचा त्रास खरा आहे. तो लपविण्यात अर्थ नाही. नेहमीच्या काही औषधांनी पहिल्या मात्रेनंतर दोन ते तीन आठवड्यांत केस गळतात. उपचार संपल्यावर ते बहुधा पुन्हा येतात. उलट्यांवर आता प्रभावी औषधे आहेत, त्यामुळे पूर्वीइतका त्रास होत नाही. काही औषधांनी हातापायांना मुंग्या येतात, काहींमुळे हृदयावर ताण पडू शकतो. म्हणून आधी हृदयाची 'इको' तपासणी करतात. पाळी कायमची बंद होण्याचा संभव असतो. पुढे मूल हवे असल्यास ही गोष्ट उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगितली पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची सूचना तापाविषयी आहे. औषधानंतर सुमारे एक ते दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी १००.४ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप आल्यास घरगुती उपाय करीत बसू नये, की सकाळच्या गाडीची वाट पाहू नये. मध्यरात्र असली तरी जवळच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन केमोथेरपी चालू असल्याचे सांगावे व कागदपत्रे दाखवावीत.

प्रवासाचा हिशेबही आधीच करावा. उल्हासनगर स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ५८ किलोमीटरवर आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ पासून देशभरातील कर्करुग्णांची सेवा करीत आहे. उल्हासनगरहून तेथे उपचारास जायचे, तर लोकलचा प्रवास आणि दिवसभराचा खोळंबा आलाच. दर तीन आठवड्यांनी एक, अशा चार मात्रांचा उपचार सुमारे तीन महिन्यांचा असतो. काही योजनांत चार मात्रांनंतर बारा आठवडे दर आठवड्यास औषध असते; मग एकूण कालावधी पाच ते सहा महिन्यांचा होतो. उपनगरी गाड्यांत दिव्यांगांबरोबर कर्करुग्णांनाही राखीव डब्यातून प्रवास करता येतो. उपचाराचा काही भाग घराजवळ घेता येईल काय, हेही तज्ज्ञांना विचारावे.

खर्चाच्या भयाने निर्णय घेऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, रसायनोपचार व किरणोपचार यांचा समावेश आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजनेची व्याप्ती सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत वाढविण्यात आली व संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत नेण्यात आले. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटून आपला उपचार योजनेत बसतो काय, याची खात्री उपचारापूर्वीच करून घ्यावी.

विचारास वेळ किती?

केमोथेरपी सामान्यतः शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू करतात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास व घरात विचारविनिमय करण्यास एवढा अवधी पुरेसा आहे. घाईने होकार देण्याची गरज नाही. पण लग्नसराई, परीक्षा, सणवार अशा कारणांनी महिनोन्‌महिने चालढकलही नको. तीन महिन्यांहून अधिक विलंब झाल्यास लाभ कमी होतो, असे आढळले आहे. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात तर विलंब अधिकच घातक ठरतो.

आणखी एक चूक सर्रास घडते. केमोथेरपी सोसून पूर्ण केली जाते, पण नंतरची साधी, स्वस्त गोळी वर्ष-दीड वर्षात बंद केली जाते. ईआर होकारार्थी असलेल्या स्त्रियांनी टॅमॉक्सिफेन पाच वर्षे घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. अशा अनेकींच्या बाबतीत ही गोळीच केमोथेरपीहून अधिक मोलाची असते. तिचा त्रास होत असल्यास डॉक्टरांना सांगावे. ती परस्पर सोडू नये.

निर्णय कोणाचा?

अनेक घरांत डॉक्टर मुलाशी अथवा पतीशी बोलतात आणि रुग्ण भगिनी बाहेर बाकावर बसून राहते. "तिला सांगू नका, ती घाबरेल", असा आग्रह घरचेच धरतात. हेतू चांगला असतो; परंतु औषध तिच्या शिरेत जाणार असते आणि आयुष्यही तिचे असते. ती बहुधा इतरांच्या समजुतीपेक्षा खंबीर असते. म्हणून तिने त्या खोलीत असले पाहिजे. सोबत घरातील एकाने वही घेऊन जावे आणि पुढील प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत :

१. माझ्या गाठीचा प्रकार कोणता? ईआर, पीआर व हर-२ चे निकाल काय आहेत?

२. माझ्यासारख्या १०० स्त्रियांपैकी केमोथेरपीविना किती जणींचा रोग दहा वर्षांत उलटतो आणि ती घेतल्यास किती जणींचा?

३. केवळ गोळ्या घेतल्या तर काय होईल?

४. मला कोणती औषधे, किती मात्रा आणि किती दिवस घ्यावी लागतील? माझ्या इतर आजारांवर त्यांचा काय परिणाम होईल?

५. ताप आल्यास रात्री कोणाशी संपर्क साधावा?

६. निर्णय घेण्यास माझ्याकडे किती दिवस आहेत?

यांतील दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. त्याचे उत्तर मिळाले की, निम्मी भीती ओसरते आणि निर्णयाला आधार मिळतो. मग पापड लाटणारी भगिनी केमोथेरपीविना रोजची गोळी घेऊ लागेल, शिलाईकाम करणारी आई औषधाच्या पहिल्या मात्रेसाठी परळची गाडी पकडेल आणि शिक्षिका भगिनी आपल्या वहीतील आकडे पाहून स्वतःचे उत्तर ठरवील. तिघी एकाच रांगेत राहतील, एकमेकींच्या घरी डबा पोहोचवतील, मुलांकडे पाहतील. शेजाऱ्यांनी एवढे जरूर करावे. सल्ला मात्र ज्याच्या हाती अहवाल आहे, त्या डॉक्टरांनाच देऊ द्यावा.